पाण्याची बाटली, फौजी, नग एक

आमच्या घरमालकांना गोष्टी सांगायची सवय नव्हती, चिठ्ठ्या लिहायची होती. सिंदी मेघेतल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि हे फाटकाशी स्टूल टाकून बसले होते, प्रत्येक वस्तूकडे बघून काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, म्हातारा जप करतोय. जवळ गेले तर कानावर आलं, "कूलर, पत्र्याचा, नग एक, दुरुस्ती. पलंग, लोखंडी, नग एक, चालू." मग माझ्याकडे पाहून थांबले. "मॅडम, एकट्याच का?" म्हटलं, नवरा नागपूरला असतो. "असतो म्हंजे?" म्हटलं, असतो म्हणजे असतो. त्यांनी मान हलवली आणि बादलीकडे वळले. एवढ्यावर विषय सोडणारा माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता, म्हणून खोल्या गळक्या आहेत हे दिसत असूनही मी राहिले.

सगळी नोकरी त्यांनी दारूगोळ्याच्या एका सरकारी डेपोत स्टोअरकीपर म्हणून काढली होती. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन येतात, हे सुतळीचा बंडल आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापायची कात्री घेऊन आले. घरातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली. काय आहे, कशाचं आहे, किती नग, आणि शेवटी हालत. हालतीचे शब्द तीनच: चालू, दुरुस्ती, बाद. चौथा शब्द त्यांना मान्य नव्हता. 'बरं आहे', 'चालून जाईल', 'तसं ठीक' असं कोणी म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. मी कधी खाली चहा प्यायला गेले आणि "कसा झाला?" असं विचारल्यावर "छान" म्हटलं की ते म्हणायचे, "मॅडम, छान हे काही हालत नाई. चालू का दुरुस्ती?" दहातल्या आठ वेळा तो बाद असायचा. बायको गेल्यापासून स्वतःच करत होते बिचारे.

एक नियम मात्र पक्का. चिठ्ठीवर वस्तू काय ते लिहायचं, वस्तू कोणाची ते कधीच लिहायचं नाही. "कोणाची हे माणूस सांगते, अन् माणूस खोटं बोलते. वस्तू जेवढं बोलते तेवढंच लिहाचं," असं ते म्हणायचे. त्यांच्या कपाटात एक जुना चष्मा होता, त्याच्या सुतळीला चिठ्ठी होती: 'चष्मा, बायकांचा, नग एक, चालू.' तो कोणाचा हे सगळ्या आळीला माहीत होतं. काचेला आडवा तडा गेला होता, तरी चालू. मी एकदा तड्याकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही इतिहासाच्या ना? मंग इतिहासच पाहा." आणि कपाट लावून घेतलं.

हो, मी इतिहास शिकवते, ज्युनियर कॉलेजात. विषय मुलांना नको असतो, आणि खरं सांगायचं तर आता मलाही फारसा नको असतो. पण इतिहासाची बाई म्हटलं की लोक पिशवीतून काहीबाही घेऊन येतात. गंजलेली कट्यार, भोक पडलेलं नाणं. सगळं शिवकालीनच असतं, त्याच्या अलीकडचं कोणाच्या घरी निघतच नाही. फौजेचं काही आलं की मी ते खाली पाठवायची आणि सुटायची. हळूहळू पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं, आणि माझी स्कूटी त्यांची गाडी झाली. मागे बसताना ते मला धरायचे नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसायचे, आणि खड्डा आला की "हं" म्हणायचे.

कारंजा घाडगेच्या एका धाबेवाल्यानं आम्हाला बोलावलं होतं, ती गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी मात्र आम्ही एसटीनं गेलो. धाब्यावर गल्ल्याच्या वर, देवाच्या फोटोशेजारी, एक टोप टांगलेला होता. त्याला हार, समोर उदबत्ती. आजोबानं जपान्याला मारून आणला म्हणे. ट्रकवाले येता-जाता हात जोडायचे. मालकानं आमच्यासाठी पनीर सांगून ठेवलं होतं. यांनी टोप खाली घेतला, आत बोट फिरवलं, पुढच्या बाजूला दिवा अडकवायची पट्टी होती ती दाखवली आणि खिशातून चिठ्ठी काढून लिहिलं: 'टोप, कोळशाच्या खाणीतला, नग एक, चालू.' मालक म्हणाला, "काकाजी, नीट पाहा नं, जपानी हाय." हे म्हणाले, "जपान्याच्या कपायावर दिवा काऊन राहीन?" पनीर काही आलं नाही. पाणीसुद्धा आम्ही स्टँडवर येऊन प्यालो. परतीच्या गाडीत मी चिडून म्हटलं, काय बिघडलं असतं हो म्हटलं असतं तर? त्याचा आजोबा, त्याचा देव, आपलं काय जातं? ते आर्वीचा फाटा आल्यावर म्हणाले, "त्याचा आजा खाणीत होता मॅडम. जमिनीखाली. तेबी कोनी सांगाले पाह्यजे."

तर असा माणूस. म्हणून रोहण्याचं बोलावणं आलं तेव्हा मला न्यायचंच नव्हतं त्यांना.

बोलावणाऱ्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तो शेतकरी, पन्नाशीचा. मातीचं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर पाडून स्लॅब टाकायचा होता. माळा उतरवताना त्याला लोखंडी पेटी सापडली, तिच्यावर पांढरे आकडे. पेटी त्याच्या आईच्या बापाची, तो इंग्रजांच्या फौजेत होता. घरही त्या फौजीचंच. त्याला एकच लेक, म्हणून जावई घरी आणलेला. ती लेक म्हणजे या शेतकऱ्याची आई, ऐंशीच्या पुढची. "आई पेटीले हात लावू नाई देत," तो फोनवर म्हणाला. "म्हणते, कोनी जाणता माणूस आणा. मले एकच विचाराचं हाय म्हणते."

चैत्र संपत आला होता. ऊन असं की दुपट्ट्यातून कान भाजत होते. रोहण्याला पोचेपर्यंत माझी पाठ गेली, आणि कॉलेजचे पेपर घरी तसेच पडले होते. अंगणात कवेलू रचून ठेवलेले. अर्ध्या घरावर छप्पर नव्हतं. उरलेल्या अर्ध्यात खाटेवर आजी बसल्या होत्या, समोर पेटी. त्यांनी यांना 'भाऊ' म्हटलं आणि पाणी यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"भाऊ, मी वर्साची होती तवा बाप लढाईवर गेला. बर्माले. मंग कागद आला, पाटलानं वाचला, 'बेपत्ता' म्हणून. मेला असं नाई, बेपत्ता. गावानं म्हटलं, तिकडे दुसरी केली अन् तिकडचाच झाला. सारी उमर मी हेच ऐकलं. शाळेत गेली तं टाकलेल्याची पोरगी, लग्न जुयवाले गेले तं टाकलेल्याची पोरगी. माह्या मायनं कुंकू पुसलं नाई कधी. सरकारचा माणूस आलता, विधवेच्या कागदावर अंगठा दे म्हणे, पेन्शन भेटीन. तिनं अंगठा नाई देला. मेली तेबी हिरव्या लुगड्यात मेली. लोक हासत होते." त्यांनी पेटी आमच्याकडे सरकवली. "आता माह्यं सरलं. बस एवढं सांगा, बाप मेलता का आमाले टाकून गेलता?"

मी यांच्याकडे पाहिलं. आता हे म्हणणार, वस्तू जेवढं बोलते तेवढंच. आणि तेच म्हणाले. मला त्या माणसाचा राग आला, पण आजींनी मान डोलावली. "हाव, तेवढंच सांगा."

त्यांनी सतरंजीवर एकेक वस्तू मांडली. पायाला गुंडाळायच्या खाकी पट्ट्या, दोन. तामचिनीचा मग, कानाला टवका गेलेला. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा. पात्याशेजारी दाभण असलेला घडीचा चाकू. प्रत्येकाची चिठ्ठी लिहिली, प्रत्येक वेळी आजींनी विचारलं, "हे काय बोलते?" आणि प्रत्येक वेळी यांनी सांगितलं, "काई नाई बाई. सुट्टीवर आला तवा आणून ठेवलं. एवढंच." आजींचा मुलगा उंबऱ्यात बसून मोबाईल बघत होता. माझ्या मनात परतीचं ऊन होतं.

शेवटी राहिली पाण्याची बाटली. निळ्या तामचिनीची, चपटी, वर जाड खाकी लोकरीचं कापड शिवलेलं. आजी म्हणाल्या, "ते पेटीतलं नोहे. ते मायचं. ती मेल्यावर म्या ठेवलं त्याच्यात. रोज वावरात हेच भरून नेत होती ती. म्याबी ह्याच्यातलंच पानी पेलं."

यांनी बाटली हातात घेतली आणि डोळे मिटले. ही त्यांची पद्धत होती, डेपोत अंधाऱ्या गोदामात लागलेली. अंगठा शिवणीवरून चालला. एका बाजूनं खाली गेला, दुसऱ्या बाजूनं वर येताना मध्येच थांबला. परत गेला, परत तिथेच थांबला.

"ही बाजू मशीनची हाय. फौजेची," ते म्हणाले. "ही दुसरी फौजेची नाई. हे हातचे टाके हायेत. उलट्या अंगाले झुकलेले. शिवणारा डावखुरा होता."

आजींनी हात पुढे केला, बाटली घेतली आणि त्याच टाक्यांवर बोट ठेवलं. "डावखुरी," त्या म्हणाल्या. "माय डावखुरी होती. सासू तिले जेवताना हातावर मारत होती."

"आत काईतरी हाय, बाई. गोल, चपटं. उसवू का?"

"तुमी नोका उसवू," आजी म्हणाल्या. मुलाला ब्लेड आणायला लावलं, आणि स्वतः चार टाके कापले. चारच. आतून एक लाल बिल्ला निघाला, रुपयापेक्षा थोडा मोठा, दाबून केलेल्या पुठ्ठ्यासारखा. भोकात दोरीचं एक टोक. त्यावर इंग्रजी अक्षरं ठोकलेली. मी चष्मा लावून वाचलं. आकडे, धर्माचं एक अक्षर, आणि आजींच्या बापाचं नाव.

घरमालकांनी तो बिल्ला जितका वेळ धरला, तितका वेळ त्यांना एखादी वस्तू धरताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, नेहमीच्या आवाजात, एकेक शब्द सुटा. शिपायाच्या गळ्यात दोन बिल्ले असत, एक हिरवा, एक लाल. माणूस पडला की हिरवा त्याच्या अंगावर ठेवायचा आणि लाल कापून आणायचा, म्हणजे कोण गेला ते कळतं. "दोरी सोडलेली नाई बाई, कापलेली हाय. जित्त्या माणसाच्या गयातून हा एकटा निंघत नाई. कोनी संगतीच्या माणसानं कापून आणला."

आजींनी उघड्या छपराकडे पाहिलं. मग सावकाश बोलल्या, आमच्याशी नाही, पेटीशी.

"एक माणूस आलता. मी पाच-सहा वर्साची असन. लंगडत होता. मले मूठभर फुटाणे देल्ले. वावराच्या धुऱ्यावर मायशी बोलला अन् गेला. म्या विचारलं कोन व्हय, तं म्हणे, पानी मांगाले आलता." त्यांनी बोटानं सतरंजीवर रेघ ओढली. "त्या दिवशी माय निंदाले बसली तं तन ठेवलं अन् कपाशीची पऱ्हाटीच उपटत गेली. पुऱ्या दोन ओळी पऱ्हाटी. माह्या आजीनं लय बोललं तिले. मीबी हासली."

"पण तिनं सांगितलं का नाही कोणाला?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. नवरा वारला असता तर दुःख झालं असतं, पण गावाच्या तोंडातून तरी सुटली असती.

आजींनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडेही. "तुमच्यात पाट नसन लावत. आमच्यात लावत होते. रांडव झाली का वर्साच्या आत भाऊ येत अन् दुसऱ्याच्या घरी देऊन टाकत. माह्या मामानं तं माणूस पाहूनबी ठेवलता, देउरवाड्याचा. तीन डाव आला तो. माय म्हणे, माह्यं कुंकू हाय, पाट कायचा लावतं? अन् पाटाच्या बाईसंग पोरगी जात नाई. बापाची पोरगी बापाच्या घरी राहते." एवढं बोलल्या, आणि जे आम्हाला एव्हाना कळलं होतं ते त्यांनाही त्याच वेळी कळलं असावं. "मी. माह्यासाठी."

मुलानं मोबाईल खाली ठेवला होता. मला वाटलं आजी आता रडतील. रडल्या नाहीत, संतापल्या. "म्हंजे तिले मालूम होतं. सारी उमर मालूम होतं. मी न्हाणीत जाऊन रडत होती 'टाकलेल्याची पोरगी' म्हणून, तं ती चूल फुकत बसत होती. एक डाव सांगाचं होतं नं मले. मरताना तरी." बाटली त्यांनी ढकलून दिली. ती लवंडली आणि सतरंजीच्या काठाशी जाऊन थांबली. कोणी उचलली नाही. 

मग आजींनीच ती परत ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली. "एक पंचाईत हाय भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "पितरपाटात मायचं पान आमी नवमीले वाढतो. अहेव, कुंकवानं गेली म्हणून. चाळीस वर्सं झाले. आता बाप तिच्या आंधीच मेलता म्हणता. म्हंजे ती अहेव नाई गेली. आता तिचं पान कोनत्या दिवशी वाढू?"

मी मनात म्हटलं, आता आलं. हे म्हणणार, हे वस्तूवर लिहिलेलं नाही, बामणाला विचारा.

ते उठले नाहीत. चिठ्ठी हातात घेऊन बसले होते. पेन टेकवलं, उचललं. मग म्हणाले, "बाई, पस्तीस-चाळीस सालं ती हे खांद्याले अडकवून वावरात गेली. रोज पानी भरलं. कापड झिजलं, टाके नाई झिजले, म्हंजे दर दोन-चार सालाले नवे घातले तिनं. दोरा तीन रंगाचा हाय, पाहा." आम्ही पाहिलं. होता. "मी स्टोअरकीपर माणूस. मले तिथी समजत नाई. पण जे तिनं इतक्या डाव शिवलं, ते आपण उसवाचं नाई. नवमीच ठेवा."

मग त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय?" आणि चिठ्ठीवर लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: 'पाण्याची बाटली, फौजी, नग एक, चालू. यमुनाबाईंची.' इतक्या वर्षांत त्यांनी 'कोणाची' लिहिलेली मी पाहिली ती ही पहिली चिठ्ठी. बिल्ल्याला त्यांनी चिठ्ठी बांधलीच नाही. तो आजींच्या हातात दिला.

परतताना ते पहिल्यांदा माझ्या खांद्याला धरून बसले. रोहणा मागे पडल्यावर म्हणाले, "मॅडम, मी आज वस्तूपेक्षा जास्ती बोललो." म्हटलं, बरं केलंत. "बरं ही हालत नाई," ते म्हणाले, आणि पुढच्या खड्ड्याला 'हं' केलं.

मागच्या पौषात ते गेले. झोपेतच. मुलगा पुण्याहून आला, आणि घर आवरायला मी मदतीला होते म्हणून कपाट मीच उघडलं. चष्म्याची चिठ्ठी बदललेली होती. खाली, नव्या शाईत, त्यांच्या बायकोचं नाव. हालत तीच ठेवली होती, चालू. मुलगा म्हणाला, टाकून द्या मॅडम, तडा गेलाय. मी आणून माझ्याकडे ठेवलाय.

यंदा अक्षय तृतीयेला आजींचं बोलावणं होतं. बापाच्या नावानं पितरांची घागर भरायची, जेवायला या म्हणून. एकटीच गेले, मागची सीट रिकामी. नवं घर झालंय, स्लॅबचं, आत भट्टीसारखं तापतं, त्यामुळे सगळं अंगणातच मांडलेलं. पाटावर पाण्यानं भरलेली नवी घागर, तिच्यावर सांजोऱ्या, आणि घागरीच्या गळ्यात कापलेल्या दोरीला नवी दोरी जोडून बांधलेला लाल बिल्ला. आजींच्या मुलानं आजोबाला नैवेद्य ठेवला. शेजारी खुंटीला बाटली टांगलेली होती. आजींनी ते चार टाके परत घातले होते, उजव्या हातानं, म्हणून ते दुसरीकडे झुकलेले दिसत होते.

मी विचारलं, कसं वाटतं आता आजी? विचारायला नको होतं, पण विचारलं. माझाही एक माणूस नागपूरला असतो, म्हणून असेल.

त्यांनी घागरीवर चिमूटभर कुंकू टाकलं. "कसं वाटन, माय," त्या म्हणाल्या. "ऐंशी वर्सं जित्ता होता, तं एक डाव घरी नाई आला. आता मेला, तं दर सालाले जेवाले येते."